दोन मुली? सुवर्णपदक!

दक्षिण कोरियातल्या आयांमध्ये एक विनोद चांगलाच मुरलाय. दोन मुली असतील तर सुवर्णपदक, एक मुलगा एक मुलगी तर रौप्य, आणि दोन्ही मुलगेच? मग गळफास!

हाच तो देश, जिथे मुलग्यासाठी बायका दगडाची पूड पोटात घेत. खरंच. जेजू बेटावर ‘दोल हारुबांग’ म्हणजे दगडी आजोबा जागोजाग उभे आहेत. त्यांचं नाक खरवडून ती पूड प्यायली की मुलगा होतो, अशी समजूत! आजोबांचं नाक गेलं तरी चालेल, वंश राहिला पाहिजे.

बाळ जन्मलं की दारावर गवती दोरी लागे. तीत लाल मिरच्या दिसल्या तर मुलगा. कोळशासोबत पाइनची डहाळी दिसली तर मुलगी. आपल्याकडे हीच बातमी पेढा नि बर्फी देत, एवढाच फरक.

१९९० हे तिथल्या पंचांगातलं पांढऱ्या घोड्याचं वर्ष. या वर्षीची मुलगी हट्टी, डोईजड निघते म्हणे. त्या वर्षी दर १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मले. खापर घोड्यावर फुटलं, काम सोनोग्राफीनं केलं. गंमत म्हणजे गर्भाचं लिंग सांगायला डॉक्टरांना १९८७ सालीच बंदी झाली होती. (महाराष्ट्राचा असा कायदा १९८८ चा, देशातला पहिला.)

मग चक्र फिरलं. शहरं वाढली, मुली शिकल्या, कमावू लागल्या. कोर्टांनीही जोर लावला: २००५ मध्ये विवाहित मुलीही कुळाच्या सभासद ठरल्या, २००८ पासून ‘पुरुषच कुटुंबप्रमुख’ ही नोंदपद्धत गेली, आणि २०२३ मध्ये पितरांच्या विधीचा मान थोरल्या मुलाचाच, हा हट्टही मोडला. जन्माचं प्रमाण तर २००७ च्या सुमारासच ताळ्यावर आलं होतं.

आता मुलगी का हवी? म्हातारपणी तीच विचारपूस करते म्हणून! म्हणजे पूर्वी पिंडासाठी मुलगा, आता पथ्यपाण्यासाठी मुलगी. आईबापांचा हिशेब काही सुटलेला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं लिंग सांगण्यावरची उरलीसुरली बंदीही रद्द केली. तिची गरजच संपली म्हणून. आपल्याकडे सोनोग्राफी केंद्रातली ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी काढायची हिंमत आज कोण करेल?