तयार फ्लॅट की जुनं कौलारू घर? आमच्या घरचा हिशेब

आज कोडिंग नाही, आज घर. गेल्या वर्षी आमच्याकडे जेवताना एकच विषय असायचा. आसनगाव स्टेशनजवळचा तयार फ्लॅट २४ लाखांना घ्यायचा, की मुरबाडकडच्या गावातलं जुनं कौलारू घर ११ लाखांना? आईला अंगण हवं होतं. हातात होती ती बाबांच्या निवृत्तीची रक्कम. आणि मी एक्सेल उघडून बसलो.

पहिली चूक माझीच. मी थेट ११ आणि २४ ची तुलना केली. खरं तर राहायला जाईपर्यंत एकूण किती लागतील, ते बघायचं असतं. गवंडी म्हणाला, पाच लाखांत होईल. मग भर जुलैत परत गेलो. माळ्यावर चढलो तर वासे वाळवीने पोखरलेले, मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. पाचाचे आठ झाले. काम चालेल तोवर आठ महिने भाडं, सात हजाराने ५६ हजार. बेरीज साडेएकोणीस लाख. म्हणजे घर तरीही स्वस्तच!

मग अडलं कुठे? कर्जात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे फ्लॅटसाठी खिशातून किमान २ लाख ४० हजार, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. आम्ही २० लाखांचं कर्ज धरलं. साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण १७,३५० रुपये. तो माझ्या पगारातून जातो.

गावठाणातल्या घराला कागद एकच होता, ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. बँकेने नाही म्हटलं. म्हणजे साडेएकोणीसच्या साडेएकोणीस लाख बाबांच्या खात्यातून. त्यात उताऱ्यावर नाव विकणाऱ्याच्या आजोबांचं, वारस चार, आणि एका बहिणीची सही नाही. वासे पैसे टाकून बदलता येतात हो, पण राहिलेली सही उद्या कोर्टात उभी राहते.

आम्ही फ्लॅट घेतला. भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेरा नोंदणी आधी तपासली. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आईची तुळस आता बाल्कनीत आहे. अंगणाचा विषय ती अजूनही काढते.

म्हणून जुनं घर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड मिळालं असेल, सगळ्या वारसांच्या सह्या असतील आणि पैसे देऊनही घरात थोडी शिल्लक उरत असेल, तर जरूर घ्या. फक्त क्रम पाळा: आधी कागद, मग छप्पर आणि पाया, रंग-फरशी शेवटी. घर भर पावसात बघा. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तेव्हा रोजचा कल्याणपर्यंतचा रस्ताही हिशेबात धरा.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे परवानगीशिवाय ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. हे टोकन देण्याआधी बघा, नंतर नाही.