खर्जाचा पोत

सुगम संगीताच्या साथीत बेस गिटार आता परकी राहिलेली नाही. तिचा खर्ज गीताला आधार देतो. परंतु तोच घोगरा झाला, की गायकाचे शब्द त्यात बुडतात. मग मुलगा नव्या वाद्याचा हट्ट धरतो आणि वडील खिसा चाचपू लागतात. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हाच पेच पडला, तेव्हा आम्ही सुचविले, की नवे घेण्यापूर्वी जुन्याचे अंतरंग पाहावे.

लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. अशा गिटारीत तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली, की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. ‘टोन’चे बटण त्यात काहीच भर घालीत नाही, ते केवळ वजाबाकी करते. बटणाला जोडलेला कपॅसिटर उंच उपस्वरांना वाट देऊन परस्पर जमिनीकडे लावतो, खर्ज तेवढा पुढे जातो. ही वाट किती रुंद असावी, हे बटण ठरविते.

त्या विद्यार्थ्याच्या गिटारीत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. बटण उघडले की तारांची खरखर, मिटले की सारेच घोगरे! आमच्या विज्ञानशिक्षकांनी ०.०२२चा बसविला. कपॅसिटर लहान, म्हणून गळतीही कमी. बटण मिटूनही सूर स्पष्ट राहू लागला. बटण पूर्ण उघडे असताना मात्र या बदलाने विशेष फरक पडत नाही. कोठीच्या गुजराती गल्लीत हा भाग अल्प मोलात मिळतो.

मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर, तारेखाली सुताचा ‘जीव’ किंचित सरकवून जवारी साधतात. तेथे उपस्वर खुलवायचे, येथे किती गाळायचे ते ठरवायचे. पारख दोन्हीकडे कानाचीच.

पालकांना आमची सूचना एवढीच, की प्रथम तारा बदलून पाहाव्यात. जुन्या तारांचे मांद्य कपॅसिटर घालवू शकत नाही. झाकण उघडण्याआधी गिटार ॲम्प्लिफायरपासून अलग करावी, जोडण्यांचा आराखडा कागदावर काढावा आणि काढलेला भाग जपून ठेवावा, म्हणजे मूळचा आवाज परत आणता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या गिटारीची रचना निराळी असते. ती जाणकाराकडेच न्यावी. वाद्य बदलणे पैशांचे काम आहे. वाद्य समजून घेणे हे शिक्षण आहे, आणि ते घरातच सुरू होऊ शकते.