थर्मोस्टॅटचा पडदा काळा पडतो तेव्हा...

न्यू जर्सी, शिकागो वा बोस्टन परिसरात मुलामुलींकडे हिवाळ्यात राहून आलेल्या आई-वडिलांना भिंतीवरच्या त्या छोट्या यंत्राचा परिचय असतोच. घराचे तापमान ठरविणारे हे यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. आता ते ‘स्मार्ट’ झाले असून मोबाइलवरूनही चालविता येते. मात्र बाहेर पारा शून्याखाली उतरलेला असताना एखाद्या पहाटे त्याचा पडदा अचानक काळा पडला, तर घर गारठू लागते. ही स्थिती फार काळ राहिली, तर नळाच्या पाइपांतील पाणी गोठून पाइप फुटण्याचा धोका असतो. यंत्रच बिघडले, असा समज अशा वेळी होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा यंत्रात नसून त्याला मिळणाऱ्या विजेत असतो.

वीज येते कोठून?

अमेरिकेतील अनेक घरांत तळघरात वा माळ्यावर मध्यवर्ती फर्नेस असते. तिच्यातील ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टची वीज २४ व्होल्टवर आणतो आणि ती बारीक तारांतून थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचते. या तारांना अक्षरांची नावे आहेत. ‘आर’ तारेतून वीज येते, ‘डब्ल्यू’ फर्नेस पेटविते, ‘वाय’ वातानुकूलन सुरू करते आणि ‘जी’ पंखा चालविते. पाचवी तार ‘सी’ म्हणजे कॉमन. विजेचा परतीचा मार्ग ती पूर्ण करते.

जुन्या थर्मोस्टॅटला या पाचव्या तारेची गरजच नव्हती. १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने बाजारात आणलेला प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट म्हणजे मुळात एक साधे बटण होते. तापमानानुसार धातूची गुंडाळी आकुंचन-प्रसरण पावे आणि पारा असलेला स्विच जोडला वा तोडला जाई. त्यामुळे असंख्य जुन्या घरांत ‘सी’ तार जोडलेलीच नाही. स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र पडदा, वाय-फाय आणि संवेदक यांसाठी चोवीस तास वीज लागते.

‘सी’ तार नसल्यास काही यंत्रे ‘डब्ल्यू’ वा ‘वाय’ तारेतून अगदी अल्प प्रवाह घेऊन आतली बॅटरी भरत राहतात. बहुतेक घरांत हे निभावते. काही घरांत मात्र फर्नेस विनाकारण टकटक करते, पंखा आपोआप फिरतो किंवा बॅटरी हळूहळू उतरत जाते. बॅटरी उतरू लागली की काही यंत्रे आधी वाय-फाय तोडतात. ‘मोबाइलवर दिसत नाही’ ही तक्रार म्हणूनच कधी कधी विजेच्या अडचणीची पहिली खूण ठरते. सॉफ्टवेअरही दोषी असू शकते. जानेवारी २०१६ मध्ये नेस्ट थर्मोस्टॅटच्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे बॅटऱ्या उतरल्या आणि अनेकांची घरे ऐन थंडीत गारठली होती.

आधी काय पाहावे?

तंत्रज्ञाला बोलाविण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. फर्नेसचा ब्रेकर पडला आहे का, ते पाहावे. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखाच दिसणारा एक स्विच असतो. दिवा समजून तो कोणी बंद केलेला असणे, हे नेहमीचे कारण आहे.

२. फर्नेसचे झाकण नीट बसले आहे का, ते पाहावे. फिल्टर बदलल्यावर झाकण सैल राहिले, तर आतला सुरक्षा स्विच वीज तोडतो.

३. उन्हाळ्यात पडदा काळा पडल्यास वातानुकूलन यंत्राचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे का, हे पाहावे. पाणी साचताच तेथील तरंगता स्विच अनेक घरांत २४ व्होल्टची वीज खंडित करतो. नळी साफ होताच थर्मोस्टॅट पुन्हा सुरू होतो.

४. ब्रेकर बंद करून मगच थर्मोस्टॅट भिंतीवरून काढावा. प्रत्येक तार आपल्या जागी घट्ट बसली आहे का, ते पाहावे. तारेच्या रंगावर विसंबू नये, अक्षर पाहावे. तारा हलविण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे.

५. यंत्रामागे यूएसबीची खाच असल्यास बॅटरी भरून पाहावी. भरल्यावर यंत्र चालले आणि काही दिवसांनी पुन्हा बंद पडले, तर तारांतून पुरेशी वीज येत नाही, असे समजावे.

एवढे करूनही यश न आल्यास फर्नेसच्या नियंत्रण पट्टीवरील ३ वा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज उडालेला असू शकतो. तार जोडताना ‘आर’ आणि ‘सी’ यांचा क्षणभर स्पर्श झाला, तरी तो उडतो. मात्र फर्नेसच्या आत १२० व्होल्टची वीज असते, तेव्हा हे काम जाणकारावरच सोपवावे. गॅसचा वास आल्यास काहीही न तपासता घराबाहेर पडावे.

कायमचा उपाय

पडदा वारंवार काळा पडत असल्यास ‘सी’ तार जोडून घेणे हाच खरा उपाय. अनेकदा भिंतीत एक जादा तार दुमडून ठेवलेली असते. ती दोन्ही टोकांना ‘सी’वर जोडली की काम भागते. नसल्यास काही कंपन्या फर्नेसजवळ बसविण्याचे जोडयंत्र देतात. भिंतीतल्या तारा जाड असतील, तर ती १२० वा २४० व्होल्टची हीटर-व्यवस्था असू शकते. तेथे २४ व्होल्टचे यंत्र मुळीच जोडू नये.

एक खुलासा आवश्यक आहे. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची मोबाइलजोडणी गुगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. पडदा सुरू असेल, तर तो विजेचा दोष नव्हे. भिंतीवरून यंत्र पूर्ववत चालते.

हिवाळ्यात घर बंद करून भारतात येणाऱ्यांनी तापमान किमान ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस ठेवावे आणि घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. जुना थर्मोस्टॅटही फेकून देऊ नये. नवे यंत्र रुसले आणि फर्नेसची वीज शाबूत असली, तर त्या रात्री घर उबदार ठेवण्याचे काम तो निमूटपणे करील.