बाष्पीभवनजन्य शीतन

द्रवाचे बाष्पीभवन होताना लागणारी उष्णता त्या द्रवातून व त्याला लागून असलेल्या पदार्थांतून शोषली जाते आणि त्यांचे तापमान उतरते. ह्या क्रियेस बाष्पीभवनजन्य शीतन म्हणतात. माठातील पाणी, कूलरची हवा, वीजकेंद्रातील शीतन मनोरे आणि घामेजलेले शरीर ही सर्व ह्याच एका क्रियेने थंड होतात. खानदेशात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५° से.च्या पुढे जाते व हवा अतिशय कोरडी असते. त्यामुळे ह्या क्रियेचे सामर्थ्य आणि तिची किंमत ही दोन्ही वरणगाव-भुसावळ परिसरात स्पष्टपणे पहावयास मिळतात.

तत्त्व : द्रवातील सर्व रेणूंची गती सारखी नसते. पृष्ठभागाजवळचे अधिक वेगवान रेणू शेजारच्या रेणूंचे आकर्षण तोडून हवेत निसटतात. मागे राहिलेल्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा त्यामुळे कमी होते, म्हणजेच द्रव थंड होतो. ३०° से. तापमानास १ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. २,४३० किलोजूल उष्णता लागते. तेवढेच पाणी १° से.ने तापविण्यास मात्र ४.१९ किलोजूल पुरतात. ह्या तफावतीमुळे, सर्व उष्णता पाण्यातूनच घेतली गेली असे धरल्यास, माठातील १० लिटर पाणी १०° से.ने थंड होण्यास जेमतेम फुलपात्रभर, म्हणजे सु. १७० ग्रॅ. पाणी उडून जावे लागते.

शीतनाची मर्यादा : तापमापकाच्या फुग्याभोवती ओले मलमलीचे कापड गुंडाळून त्यावर हवेचा झोत सोडला असता पारा उतरत जातो व एका ठिकाणी स्थिरावतो. ह्यास ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. बाष्पीभवनाने हवा ह्याहून अधिक थंड करता येत नाही. हवेचे तापमान ४४° से. व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असल्यास हे तापमान सु. २३° से. असते. पावसाच्या तोंडावर हवेचे तापमान ३६° से.पर्यंत उतरले, पण आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली, तर ते सु. २९° से. होते. पहिल्या स्थितीत २१ अंशांचा उतार शक्य असतो, दुसऱ्या स्थितीत केवळ सातांचा. वैशाखात उत्तम चालणारा कूलर मृगाच्या सुमारास निरुपयोगी वाटू लागतो, तो ह्यामुळेच.

उपयोग : माठाच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने बाहेर झिरपते व उडून जाते. माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा लागतो. पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजली की तो पाणी थंड करीनासा होतो. कूलरमध्ये पंखा ओल्या वाळ्यातून किंवा गवती जाळीतून बाहेरची हवा आत ओढतो. खोली बंद ठेवल्यास आतली हवा दमट होत जाऊन शीतन मंदावते. म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी ठेवणे आवश्यक असते. वरणगावजवळील दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्रातही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. वाफेचे पुन्हा पाणी करताना तापलेले पाणी शीतन मनोऱ्यात बारीक थेंबांच्या रूपाने पाडतात. ते १०° से.ने निवविण्यास त्याचा सु. दीड टक्का भाग हवेत जातो. अशा मनोऱ्यावर दिसणारा पांढरा लोट धुराचा नसून संघनित बाष्पाचा, म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा असतो.

मानवी शरीर : त्वचेचे तापमान सु. ३५° से. असते. हवा त्याहून तापली की शरीराला वाऱ्याने उष्णता गमावता येत नाही, उलट ती मिळू लागते. मग घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. १ लिटर घाम उडून गेल्यास सु. २,४०० किलोजूल उष्णता शरीराबाहेर जाते. ओल्या फुग्याचे ३५° से. तापमान ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा असल्याचे शेरवूड व ह्यूबर ह्यांनी २०१० मध्ये मांडले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही सीमा दमट हवेत ३०° ते ३१° से. आणि उष्ण-कोरड्या हवेत २५° ते २८° से. इतकी खाली आढळली. कोरड्या हवेत बाष्पीभवनाला अडथळा नसतो, परंतु घामग्रंथींची क्षमता अपुरी पडते. शिवाय घाम क्षणात सुकत असल्याने आपण किती पाणी गमावले हे उमगत नाही. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराचा सदरा कोरडा दिसतो, ते धोका नसल्याचे लक्षण नव्हे. तहान लागण्यापूर्वीच पाणी पिणे, काम सकाळी लवकर उरकणे आणि दुपारी सावलीत थांबणे हे उपाय ह्यासाठीच सांगितले जातात. भोवळ, गोंधळलेपणा व तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी अंग ओले करून वारा घालावा व रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

पाण्याचा हिशेब : हे शीतन फुकट नसते, त्याचे मोल पाण्याने चुकवावे लागते, आणि हवा सर्वांत कोरडी असते तेव्हाच पाण्याचीही टंचाई असते. वरणगावनजीक तापी नदीवरील हतनूर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयावरही हीच क्रिया अखंड चालू असते. तेथे मात्र ती निव्वळ घट ठरते. ही घट पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून गाळाने जलाशय उथळ होत गेला, की साठा कमी होतो, पण उडून जाणारे पाणी त्या प्रमाणात कमी होत नाही. घरातील माठापासून धरणापर्यंत नियम एकच आहे : जेथे पाणी उडते तेथे थंडावा येतो, आणि जेथे थंडावा हवा तेथे पाणी राखावे लागते.