कंपनी बुडाली म्हणून आपली उधारी बुडत नाही

ज्या कंपनीकडून आपण उधारीवर माल उचलला, तीच बुडाली तर? बरेच दुकानदार म्हणतात, "चला, सुटलो!" मीही म्हणालो होतो. काही महिन्यांनी लिक्विडेटरचं पत्र आलं: 1,20,000 रुपये भरा.

लक्षात घ्या, एनसीएलटीने लिक्विडेशनचा आदेश दिला की संचालकांचे अधिकार लिक्विडेटरकडे जातात. बाजारातून येणं असलेले पैसे ही कंपनीची मालमत्ताच असते. ते वसूल करून कामगार, बँका, पुरवठादार यांची देणी भागवणं, हे 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार त्याचं कामच आहे.

असं पत्र आलं तर तीन गोष्टी करा.

पैसे कुणाला देताय ते बघा. माझ्याकडे जुना सेल्समन आला होता. "रोख द्या, अर्ध्यात मिटवतो." दिले असते तर ते पाण्यात गेले असते. लिक्विडेशनचं खातं कंपनीच्या नावानेच असतं, नावापुढे 'इन लिक्विडेशन' असं लिहिलेलं. तिथेच भरा आणि पावती घ्या.

हिशोब जुळवा. माझं 20,000 डिपॉझिट त्यांच्याकडे होतं, परत पाठवलेल्या मालाचे 15,000 जमा व्हायचे होते. परस्पर देणं-घेणं वजा करायची सोय नियमांत आहे. मी लेजर, डिपॉझिटची पावती आणि परतीच्या मालाची बिल्टी जोडून लेखी मागणी केली. भरायचे राहिले 85,000. वजावट मागितली नसती, तर पूर्ण रक्कम भरून 35,000 साठी घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो असतो. त्या रांगेत आपला नंबर बँका आणि कामगारांच्या बराच मागे असतो.

गप्प बसू नका. "3 वर्षं झाली, आता काय करणार?" या भ्रमात राहू नका. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाव्यांना स्थगिती असते, तो काळ मुदतीत धरत नाहीत. लिक्विडेटर एनसीएलटीच्या मंजुरीने दावा लावू शकतो, किंवा ही येणी दुसऱ्याच्या नावे करू शकतो. मग तो वसुलीला येणार. एकदम जमत नसेल तर लेखी हप्ते मागा. मला तीन हप्ते मिळाले.

आजचं काम: प्रत्येक सप्लायरकडून बाकी रकमेचं पत्र सही-शिक्क्यासह घ्या. दरवर्षी घ्या. कंपनी चालू असताना हा कागद एका फोनवर मिळतो. बंद पडल्यावर फोन उचलायलाही कुणी नसतं.