सव्वादोन तासांत एक सेकंद

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, हे शाळेत पाठ झालेले असते. पण म्हणजे नेमके किती, ते काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून ते वेळेत मोजू. दहा लाख सेकंदांचे होतात साडेअकरा दिवस. त्यातला एक सेकंद म्हणजे एक पीपीएम.

आता अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांकडे चला. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पूर्वी वापरले जाणारे पीसीबी हे रसायन तिथल्या पाण्यात वर्षानुवर्षे झिरपत राहिले. तिथल्या अन्नसाखळीची एक प्रसिद्ध मोजणी आहे. वनस्पती-प्लवकांत पीसीबी निघाले ०.००२५ पीपीएम, म्हणजे पावणेतेरा वर्षांत एक सेकंद. ते खाणाऱ्या प्राणी-प्लवकांत ०.१२३, म्हणजे तीन महिन्यांत एक. स्मेल्ट नावाच्या छोट्या माशात ११ दिवसांत एक, ट्राउटमध्ये जेमतेम अडीच दिवसांत एक. आणि मासे खाणाऱ्या हेरिंग गल या कुरव पक्ष्याच्या अंड्यात १२४ पीपीएम, म्हणजे सव्वादोन तासांत एक सेकंद!

प्लवकापासून अंड्यापर्यंत ही वाढ जवळपास पन्नास हजार पट होते. सरोवराच्या पाण्याशी तुलना केली, तर ती अडीच कोटी पट सांगतात. कारण साधे आहे. खाल्लेला मासा पचून जातो, पीसीबी मात्र पचत नाही. ते चरबीत ठाण मांडून बसते आणि पुढच्या खाणाऱ्याला आयते मिळते. म्हणून कॅनडाचे शास्त्रज्ञ १९७४पासून दरवर्षी या कुरवांच्या वसाहतींतून थोडी अंडी उचलून तपासतात. हे पक्षी बहुतांशी वर्षभर त्याच परिसरात राहतात, त्यामुळे अंड्यातले विष कुठून आले याबद्दल फारसा वाद उरत नाही. पाण्याच्या तपासणी अहवालात 'नगण्य' हा शब्द दिसला की मला हे अंडे आठवते.

पण अंड्यात विष सापडले, एवढ्याने अर्धेच कळते. त्याने शरीराचे काय केले, हे सांगणारी खूण म्हणजे बायोमार्कर. यातली सर्वांत गाजलेली खूण मिलिमीटरच्या काही शतांशांची आहे.

ब्रिटनमधल्या कबुतरबाजांची तक्रार होती की बहिरी ससाणे फार झाले, ते आमची कबुतरे मारतात. म्हणून डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६१मध्ये ससाण्यांची पाहणी सुरू केली, आणि निघाले उलटेच: ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते. घरट्यांत फुटकी अंडी सापडत होती. रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी अंडी काढली. रिकाम्या कवचाचे वजन घेतले आणि त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागले. एवढेच गणित! १९४७च्या सुमारास कवच अचानक सुमारे एक पंचमांशाने पातळ झालेले दिसले. डीडीटीचा वापर नुकताच सुरू झाला होता. त्यापासून बनणारे डीडीई कवचाला मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आड येते. १९६७मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हिकी आणि अँडरसन यांनी १,७२९ अंडी मोजून तसाच निष्कर्ष काढला. घरट्यांतून अंडी पळवणाऱ्या शौकिनांबद्दल मला काडीचे प्रेम नाही, पण त्यांच्या पेट्या नसत्या तर तुलना कशाशी केली असती?

दुसरी खूण मेंदूत असते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. ते २० टक्के घटले, तर पक्ष्याचा विषाशी संबंध आला असे धरतात. मेलेल्या पक्ष्यात निम्म्याहून अधिक घटलेले दिसले, तर बहुधा मृत्यूचे कारणही तेच. १९९५-९६मध्ये अर्जेंटिनात नाकतोड्यांवर याच गटातले मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले स्वेन्सन जातीचे अंदाजे २०,००० बाज मेले. हेच औषध आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेले आहे.

आणि आपली गिधाडे? मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर आढळे. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती. २००४मध्ये कारण सापडले: गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. गणित असे निघाले की मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत ते घातक प्रमाणात असले, तरी गिधाडे संपायला पुरेसे आहे. तसेच झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली.

डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६मध्ये बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या तशाच वेदनाशामकांवर २०२३मध्ये. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना बाधत नाही. गोठ्यात गुरे असतील, तर इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना बाटलीवरचे नाव विचारा आणि मेलॉक्झिकॅम चालेल का, तेही विचारा.