बाबासाहेबांचे खंड कसे तयार झाले?

मोठा लेखक गेल्यावर त्याचे सगळे लेखन आपोआप पुस्तकरूपाने आपल्या हाती येते का? नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे बरेच लेखन हस्तलिखित आणि टंकलिखित कागदांतच पडून होते.

महाराष्ट्र शासनाने १९७६ साली ते प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. संपादनाचा भार नागपूरच्या वसंत मून यांनी उचलला. पहिला इंग्रजी खंड १४ एप्रिल १९७९ रोजी, आंबेडकर जयंतीला निघाला. बाबासाहेबांनी १९१६ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध त्यात आहे.

अशा कामात कागद मिळवावे लागतात, पाने जुळवावी लागतात, मुद्रिते तपासावी लागतात. काही प्रकरणांना शीर्षकच नव्हते, काहींची पाने सापडली नाहीत. तिथे संपादकांनी पदरचा मजकूर घातला नाही. काय मिळाले आणि काय नाही, याची टीप दिली. म्हणूनच अभ्यासक या खंडांवर विसंबून राहतात.

मून २००२ साली वारले, पण काम पुढे चालले आणि खंडांची संख्या २२ वर गेली. मात्र खंड एकदा छापून भागत नाही. मागणी असेपर्यंत ते छापत राहावे लागतात. छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

पर्वत पाटियातील आपल्या घरांतही आजोबांच्या वह्या, पत्रे असतील. रद्दीत देण्याआधी ती एकदा वाचून पाहा.